चालत्या ब्लोअरची पूजा

आमच्या कारखान्यात दसऱ्याला चालत्या यंत्राची पूजा होते. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, सुरूच असतं आणि चांगलंच थरथरत असतं. कुंकवाचं बोट लावायला गेलं की भलतीकडेच उमटतं. नारळ ठेवला तर दोन मिनिटांत घरंगळतो, म्हणून एक जण नारळ धरून उभा राहतो आणि दुसरा आरती म्हणतो. बाहेरचं कोणी पाहिलं तर म्हणेल, अहो, पाच मिनिटं बंद करा की! आम्ही करत नाही. का करत नाही तेच सांगायला बसले आहे. त्यात माझी थोडी शोभा होणार आहे, तीही होऊ द्या.

मी मूळची अमळनेरची. रसायनशास्त्राची पदवी घेतली, लग्न होऊन सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत शेड जुळवत बसले. गिऱ्हाइकाने कापडाचा इवलासा तुकडा पाठवायचा आणि आम्ही हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा, हे काम. डोळ्यांचं पाणी आटेपर्यंत ते केलं आणि निवृत्त झाले. आता घरी बसून वाती वळायच्या, असं ठरवत होते. तेवढ्यात केतनभाई घरी आला. हा मुलगा इंजिनियर झाल्यावर आमच्या मिलमध्ये काही महिने शिकायला होता, माझ्या हाताखाली. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "बेन, एंठवाडमांथी प्लास्टिक बनाववुं छे."

एंठवाड म्हणजे उष्टं-खरकटं. मला वाटलं, पोराला ऊन लागलं. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, ते आतून पेपरामागून म्हणाले, "जा तू. नाहीतरी घरात माझ्याच चुका काढत बसशील." अशी मी इच्छापोरला, त्याच्या नव्या कारखान्यात, पोचले.

काम काय आहे ते साध्या भाषेत सांगते. घराघरांतून ओला कचरा येतो. भाजीची देठं, केळ्याची सालं, उरलेला भात, चहाचा चोथा. तो निवडायचा, दळायचा आणि झाकलेल्या टाकीत चार-सहा दिवस आंबवायचा. त्याचं आंबट पाणी तयार होतं. तिथवर इडलीचं पीठ भिजवणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल. पुढची टाकी मात्र खरी. तिच्यात जिवाणू पाळलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. त्यांना हे आंबट पाणी खुराक म्हणून द्यायचं, खालून हवा सोडायची, आणि मग मुद्दाम उपाशी ठेवायचं. सकाळी खुराक, मग उपास. संध्याकाळी खुराक, मग उपास. या तऱ्हेने जे जिवाणू मिळालेलं लगेच उडवून टाकतात ते मागे पडतात, आणि जे पोटात साठवून ठेवतात ते तगतात. अशी साठवणारी जमात तयार झाली की त्यातले काही बाजूच्या टाकीत न्यायचे आणि त्यांना भरपूर खाऊ घालायचं. ते पोटात पांढरे कण साठवत जातात, आपण चरबी साठवतो तसे. ते कण म्हणजेच प्लास्टिक. जिवाणूंची साल विरघळवून कण धुतले, वाळवले की तांदळाच्या पिठीसारखी भुकटी हातात येते. ती वितळवून कुंडी करा, पिशवी करा. काम झाल्यावर मातीत पुरली तर मातीतलेच दुसरे जिवाणू तिला खाऊन टाकतात.

हे सगळं मी पहिल्यांदा समजावलं ते वना आप्पांना. आप्पा शिंदखेड्याकडचे, माझ्याच मिलमध्ये तीस वर्षं कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. मिलने कमी केलं तेव्हा मीच त्यांना इच्छापोरला आणलं. डोक्याला रुमाल, खिशात तंबाखूची डबी आणि हाताला विलक्षण शिस्त. माझं व्याख्यान त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बराबर शे, ताई. ज्याले भूक माहीत, तोच साठाडी ठेवस." केतनभाईच्या पन्नास पानी अहवालात हे इतकं नीट लिहिलेलं नाही.

आता थोडं आमच्या माणसांबद्दल. अडाजणच्या एका सोसायटीत एक बा, म्हणजे गुजराती आजीबाई, राहतात. मोठ्या प्रेमळ. एकदा आमची आंबवायची टाकी अचानक मेल्यासारखी पडली, फसफसणं बंद. निवडणाऱ्या बायकांनी सांगितलं, एका बादलीला दवाखान्यासारखा वास येत होता. माग काढत बांच्या दारात पोचले. बा म्हणाल्या, "हा तो, हुं रोज फिनाइल नाखुं छुं! तमारा माणसोने वास न आवे ने." माझ्या माणसांना वास येऊ नये म्हणून बाई रोज जंतुनाशक ओतत होत्या, आणि जंतूंवरच तर आमचं पोट! मी हसले. त्यांच्याकडे चहा प्याले, खाखरा खाल्ला आणि हळूच समजावून आले. टाकी ओतून पुन्हा लावावी लागली, आठवडा गेला, पण बांना एक शब्द लागेल असा बोलले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरे एक गिऱ्हाईक कामरेजकडचे नर्सरीवाले. त्यांना आम्ही रोपांसाठी कुंड्या दिल्या होत्या, सगळ्यात पहिल्या, हातभर कौतुकाने. पावसाळ्यानंतर तावातावाने आले. "बेन, तमारुं कुंडुं तो माटीमां ओगळी गयुं!" म्हटलं, भाई, ते विरघळावं म्हणूनच तर दिलं. रोप कुंडीसकट लावायचं, कुंडी काढायची नाही. ते म्हणाले, "ए तो बराबर. पण बीजी वार वापरवुं होय तो?" सुरतेतल्या माणसाला वस्तू दुसऱ्यांदा वापरता येत नाही हे पटवणं जिवाणू पाळण्यापेक्षा अवघड आहे.

आणि श्रावणातली गंमत. लिंबायतच्या आमच्या दोन गल्ल्या सगळ्या खानदेशी. श्रावणात एका आठवड्यात तिथल्या बादल्या हलक्या येऊ लागल्या. केतनभाईला वाटलं, टेम्पोवाला चकवतोय. तो त्याला झापणार इतक्यात आप्पांनी अडवलं. "कानबाईना रोट शेतस, शेठ. ते घरनासनीच खावानं, फेकानं नही." कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी; तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, त्यातलं काही कचऱ्यात जाणं शक्यच नव्हतं. टेम्पोवाला वाचला. आप्पांच्या रीतीभाती आमच्या उपयोगाच्या आहेत, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

आता दसरा. कारखान्याचा तो पहिलाच दसरा होता आणि आमचं सगळं एका टोकाला आलं होतं. कुंड्या बनवणाऱ्या एका कंपनीला दिवाळीनंतर भुकटीचा मोठा नमुना द्यायचा होता. तो पसंत पडला तर कारखाना पुढे चालणार, नाहीतर केतनभाई टाळं लावणार. त्याने तसं आम्हा आठही जणांना समोर बसवून सांगितलं होतं. सहा महिने राबून साठवणारी जमात तयार केली होती. ती मेली असती तर पुन्हा उभी करायला दोन-तीन महिने लागले असते आणि नमुन्याची तारीख केव्हाच उलटून गेली असती.

दसऱ्याला सगळ्यांना सुट्टी. सकाळचा खुराक द्यायला आणि यंत्रांवर नजर ठेवायला फक्त आप्पा. संध्याकाळचा खुराक त्या दिवशी नकोच, असं मी ठरवलं होतं. आदल्या दिवशी निघताना त्यांनी मला विचारलं, "ताई, दसरानी पुंजा करू ना? आपला मिलमा करूत तशी?"

मी पर्स शोधत होते. म्हटलं, "करा की, आप्पा. अगदी तश्शीच करा."

मिलमध्ये पूजा कशी होते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चोवीस वर्षं मी त्या पूजेचा पेढा खाल्ला आहे. दसऱ्याला मशीन धुऊन-पुसून बंद करायचं, स्वस्तिक काढायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्राची ती एक दिवसाची विश्रांती. आप्पांनी तस्संच केलं. लाईट गेली तर दोन मिनिटांत जनरेटर लावायचा, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं आणि ते कधी चुकले नव्हते. पण लाईट जाणं हे संकट, पूजा म्हणजे मान. दोन्हींचा संबंध त्यांच्या डोक्यात आला नाही, आणि माझ्या तर डोक्यात काहीच आलं नाही. भरदुपारी त्यांनी ब्लोअर बंद केला, पूजा केली, नमस्कार केला आणि घरी गेले. भोंगा फक्त लाईट गेल्यावर वाजायचा, तो वाजला नाही. दारावरच्या वॉचमनला वाटलं, सुट्टी आहे, बंदच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उतरले तर सगळं गप्प. आमच्याकडे ब्लोअरची घरघर कायम असते, इतकी की ती ऐकू येणंच बंद होतं. ती नव्हती. आणि सडक्या अंड्याचा वास. धावत गेले. टाकीतलं तपकिरी पाणी काळं पडलं होतं. ब्लोअरवर झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, सगळं कसं नीटनेटकं. नारळ बाजूला सारून बटण दाबलं. पाण्यात विरघळलेली हवा मोजणारं मीटर शून्यावर होतं. जिवाणूंना आपल्यासारखीच हवा लागते. ती वीस तास मिळाली नव्हती.

इतक्यात आप्पा आले, हातात पेढ्यांचा पुडा. आणि माझं तोंड सुटलं. माझं तोंड मुळातच तिखट. आमचे हे म्हणतात, तू रागावलीस की शेजारचे टीव्ही बंद करून ऐकतात. सगळी माणसं जमलेली. मी म्हणाले, "काय केलंत हे, आप्पा? सहा महिन्यांचं काम गुदमरवून मारलंत! आठ जणांच्या पोटावर पाय दिलात. डाइंगमधली अक्कल इथे चालवू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" असं मी एकदाही सांगितलं नव्हतं. मी स्वतःच डाइंगमधून आलेली.

आप्पा म्हणाले, "ताई, पुंजा करी मी. पुंजामा मशीन बंदच ऱ्हास ना." एवढंच. "तूच तर म्हटलं होतंस" असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, डबा उचलला आणि निघून गेले.

केतनभाई आला, टाकीत डोकावला, कठड्याला धरून उभा राहिला. "बेन, बधुं पती गयुं?" सगळं संपलं का?

"खबर नथी," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्याला वाटत होतं, भुकेले असतील, लगेच खुराक द्यावा. मी नको म्हटलं. तापातून उठलेल्याला कोणी बासुंदी वाढत नाही. दिवसभर नुसती हवा दिली. काळं पाणी हळूहळू करडं झालं, करड्याचं मातकट. शेड ओळखण्यात माझा जन्म गेलाय. मी दर तासाला पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरत होते. मीटरचा आकडा मात्र चढत होता आणि तो जसजसा चढत होता तसतसा माझा जीव खाली जात होता. कारण हवा साठत जाणं याचा अर्थ ती घेणारं कोणी नाही. नवीन मुलांना ते कळेना. ती म्हणत होती, ताई, वाढतंय, वाढतंय! मी म्हटलं, गप्प बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं, अर्ध्या बादलीचं खुराकपाणी गाळून टाकीत ओतलं. आम्ही सगळे मीटरसमोर उभे. आकडा हलेना. केतनभाई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी देवाचं नाव घेतलं का, तर घेतलं. आणि कानबाईचंही घेतलं, कारण चूक तिच्या माणसाच्या हातून झाली होती आणि ओरडले मी होते. मग आकडा एका कणाने उतरला. थांबला. परत उतरला. आणि उतरतच गेला. टाकीत कोणीतरी खात होतं आणि श्वास घेत होतं.

मी भाजीच्या क्रेटवर बसले आणि रडले. मोठ्याने. लाज वाटली नाही. केतनभाई हसत होता आणि डोळे पुसत होता.

मग एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्याला काळा रंग चढवला, जो फक्त साठवलेल्या कणांनाच धरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आयुष्यभर कापडं रंगवली, पण एवढा सुंदर रंग चढलेला मी पाहिला नाही. पोटात काळे ठिपके घेऊन सगळे जागच्या जागी. काही गेले होते, पण जमात शाबूत होती.

कशी राहिली, हे मला कळेना. वीस तास हवा नाही म्हणजे खरं तर सुटका नाही. मी नोंदवही उघडली. दसऱ्याच्या पानावर आप्पांचं ठसठशीत अक्षर: "सकाळचा खुराक: दिला नाही. पूजा."

मी ते दोनदा वाचलं. आप्पांनी सकाळचा खुराकच दिला नव्हता. भरल्या पोटी जिवाणू भराभर हवा ओढतात. खुराक देऊन मग हवा बंद केली असती तर तासाभरात सगळे गुदमरले असते, टाकी सडली असती आणि मी आज हे लिहीत बसले नसते. उपाशी होते म्हणून त्यांना हवा थोडीच लागली. साठवलेलं पोटात होतं, त्यावर पडून राहिले. ज्या रीतीने घात केला, तिनेच वाचवलंही होतं. आणि ज्या माणसाने ती रीत पाळली, त्याला मी चारचौघांत अक्कल काढून घालवलं होतं. फिनाइल ओतणाऱ्या बांकडे मी खाखरा खाल्ला. कारण त्या परक्या. आप्पा आपले, आपल्या माणसावर तोंड टाकायला परवानगी लागत नाही, असं आपण धरून चालतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी लिंबायतला गेले. आप्पांचं घर म्हणजे दोन खोल्या, दारात तुळस आणि आप्ट्याची सुकलेली पानं. त्यांच्या मालकीणबाईंनी दार उघडलं, भागाबाईंनी. मला पाहून आधी पदर सावरला आणि मग डोळे भरून आले. "ताई, दोन दिन व्हयनात, अन्नले हात नही लाया यास्नी. नऊ दिनना उपास दसराले सोडा, आन परत धरा. नुसता च्यावर शेतस." नवरात्राचे उपास दसऱ्याला सोडले आणि माझ्या बोलण्यानंतर पुन्हा धरले होते.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. उठायला लागले, मी बसवलं. मला भाषण करायचं होतं, वाटेत जुळवूनही आणलं होतं. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. आधी विचारलं, "त्यास्नी खादं का, ताई?"

"खाल्लं, आप्पा," मी म्हटलं. "सगळे खातायत."

त्यांनी डोळे मिटले. मग मी जे बोलायला आले होते ते कसंबसं बोलले. नको ते बोलले मी, चूक माझी होती, तुम्ही विचारलं होतं आणि मीच तश्शीच करा म्हटलं होतं. आणि नोंदवहीतली गोष्ट सांगितली. तुम्ही सकाळचा खुराक दिला नाहीत म्हणून ते वाचले. एवढं ठरवून केलंत का?

आप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शिकलेली असून फारच साधं काहीतरी विचारते आहे.

"पुंजाना दिन मशीनवर कोनी माल चढाडस का, ताई?"

आणि मग आत वळून म्हणाले, "वाढ वं. माले बी वाढ, ताईले बी."

भागाबाईंनी ताटं घेतली. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो, आणि शेवटी ताटात उरलेलं वांग्याचं देठ आप्पांनी बोटांनी उचललं, नीट कागदात गुंडाळलं, उद्याच्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "सकाय ली येस मी. त्यास्लेबी पायजे ना."